टेकव, उचल

पहिल्याच तासाला सांगून टाकलं :
रेघ मारायची नाही.
पट्टी, खोडरबर, सगळं दप्तरात.
पेन उभं धरायचं,
टेकवायचं, उचलायचं.
रेंगाळलात तर शाई पसरते,
घाई केलीत तर ठिपक्याला शेपूट फुटतं
आणि लसणाच्या गड्ड्यावर
स्वल्पविराम उगवतात.

हसली पोरं. नववी ब,
गोखलेनगरची शाळा, तिसरा मजला.
टेबलावर मंडईतून आणलेला लसूण,
एका बाजूने दिवा,
दिवा म्हणजे माझाच मोबाइल, डस्टरला टेकवलेला.

चांगलं पेन अप्पा बळवंत चौकात शंभराला एक.
अडतीस पोरांत अकरा पेनं.
बाकीच्यांनी जेलपेनं आणली,
किमया लोणकरने तर वडिलांचं, सही करायचं,
झाकणावर बँकेचं नाव असलेलं.
चालेल, म्हणालो. ठिपका कुणाचाही चालतो.

आणि मग तो आवाज.
पत्र्याच्या डब्यात कुणी
मोहरी ओतत राहावी तसा.
शेजारून देवस्थळी बाई डोकावून गेल्या,
काय वाजवताय?
तिसऱ्या तासाला मुख्याध्यापिका.
त्यांनी एक कागद उजेडात धरला :
"सर, अजून काही दिसत नाही यात."
दिसेल, म्हणालो.
शुक्रवारचा तास गणिताने उसना नेला.
उसने तास परत येत नाहीत.

अल्फिया विचारते, "सर, रांगोळीसारखे
जोडायचे कधी?"
जोडायचे नाहीत.
दाटी झाली की अंधार,
अंतर राखलं की उजेड.
आणि पांढरं कुठल्याच पेनात मिळत नाही,
ते आधीपासून कागदावर असतं.
आपण तिथे जायचं नाही, एवढंच.

हे मी दरवर्षी म्हणतो.
दरवर्षी जरा जास्तच छान म्हणतो.

ढमढेरे मोजत होता.
चार हजारांपर्यंत पोचला
आणि शिंक आली.

दुर्गेश धोत्रे मात्र कागदाकडे बघतच नव्हता.
मान तिरकी, कान खाली,
हात एका लयीत.
अरे, बघून काढ.
"सर, चुकला की आवाज बदलतो.
टाकी लावत्यात तसंच हाय की हे."
टाकी?
सगळा वर्ग खिडकीबाहेर
पाण्याच्या टाकीकडे बघायला लागला.

मग त्यानेच सांगितलं.
वडारवाडीतली त्याची आत्या,
पिशवीत छिन्नी-हातोडी,
मॉडेल कॉलनीच्या गल्ल्यांतून ओरडत जायची,
टाकीऽऽय पाट्याला...
गुळगुळीत झालेल्या दगडाला
एकेक टोचा.
खोल गेला तर कपची उडते,
उथळ राहिला तर चटणी सरकते.
आता वरच्या मजल्यावरून
कुणी हाक मारत नाही, मिक्सर आलेत.
पण तिचा हात अजून, झोपेतसुद्धा...
म्हणाला, आणि थांबला.
पोरं हसतील असं वाटलं असणार.
कुणी हसलं नाही.
पेनं तेवढी थोडा वेळ बंद पडली.

पुढच्या मंगळवारी लसूण जमा झाले.
काही कांद्याच्या वळणावर गेलेले,
एकाला तर चक्क नाक होतं.
दुर्गेशने लसूण काढलाच नव्हता.
पाटा होता.
कडा काळ्याभोर, ठिपक्यावर ठिपका,
आणि मधोमध लांबट, कोरी जागा.

इथे उजेड कुठून आला रे?
मी मास्तरी आवाजात विचारलं.
"उजेड नाय सर.
तिथं वाटून वाटून झिजलाय."

मी लाल पेन काढलं,
दहापैकी किती, ते ठरवत
कोपऱ्यात टेकवलं,
आणि उचलायचं राहून गेलं.
शाई पसरत गेली.