पोशाख उतरवताना

चौदा नंबरच्या दारावर पिवळा कागद डकवलाय.
बाहेर ट्रॉली: झगे, हातमोजे, मास्क,
आणि स्पिरिटची बाटली, जिला हा जंतू भीक घालत नाही.
त्याला साबणच हवा, वाहतं पाणी हवं,
बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ.
अंगठी मी घरीच ठेवते, मिठाच्या बरणीत.

येसेनित्सेत डिसेंबरमध्ये चारलाच दिवे लागतात.
वरच्या मजल्यावर सात जणांना उलट्या, जुलाब.
खाली फक्त व्हेंत्सेल आजोबा,
चाळीस वर्षं मधमाश्या पाळलेले,
आता महिना कुठला तेही न सांगता येणारे.

मी आत गेले की ते खुलतात.
माझा पिवळा झगा, डोळ्यांवरचं प्लास्टिक:
त्यांना वाटतं, मी पेट्या उघडायला आलेय.
"सावकाश," म्हणतात, "धसमुसळेपणा त्यांना खपत नाही."
मी सावकाश चादर काढते,
मळलेली बाजू आत, गुंडाळत, न झटकता.
ते मान डोलावतात.
"तुझा बाप कुठला?"
"बोस्नियाचा. इथं पोलादाच्या भट्टीवर आला."
"मग तुला धूर कळत असणार."

परवा निघताना
सोळा नंबरची घंटा वाजत होती, थांबतच नव्हती.
हातमोज्यांनिशीच मी मास्क ओढणार
इतक्यात पलंगाच्या कठड्यावर काठी आपटली.
"पोरी!
पोळ्यापाशी सगळेच जपतात.
डंख बसतो तो नंतर, जाळी काढताना.
एखादी कॉलरमध्ये बसलेलीच असते."

घंटा वाजू दिली.
हातमोजे, एक दुसऱ्याच्या पोटात.
हात धुतले.
गळ्याची नाडी, कमरेची,
झगा अंगापासून लांब, उलटा होत जाणारा.
मग दारापाशी, कानामागच्या दोऱ्या धरून, मास्क.
पुन्हा हात.
हा तक्ता मी तीनदा पाठ केलाय,
खाली सही आहे माझी: मिरसादा, तारीख, वेळ.
कॉलरचं त्यात काहीच नव्हतं.

आज कागद निघाला.
उघड्या तोंडानं आत गेले, साध्या निळ्या सदऱ्यात,
मध घातलेला चहा घेऊन.
त्यांनी पाहिलं. ओळखलं नाही.
चहा फुंकत म्हणाले,
"ती पिवळी कुठंय?
तिला सांग, मधली पेटी नीट झाकली नाही तिनं."

सांगते, म्हटलं.
सोळाची घंटा पुन्हा सुरू झाली होती.
जाता जाता मी कॉलर चाचपून पाहिली.