टाकीखाली

मादगुंडी बाईंनी फळ्यावर डोंगर काढला
तेव्हा आम्ही हसलो होतो.
आमच्या सोलापुरात डोंगर म्हणजे
गिरणीमागची राखेची टेकडी,
तीही ट्रक येऊन भरून नेणारी.

"आपला दगड आगीतून आला," बाई म्हणाल्या,
"काळा. पाण्याला तो दाद देत नाही.
पण लांब कुठे चुनखडीचे डोंगर आहेत,
त्यांना पाणी आतून खातं,
आणि खाल्लेलं थेंबाथेंबानं परत ठेवतं."
मग खडू आडवा धरून
त्यांनी डोंगराचं पोट पांढरं केलं.

अधोमुखी लवणस्तंभ. ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ.
विठोबा गड्डमला 'अधोमुखी' कधी जमलं नाही,
त्याला छडी नाही मिळाली, पुन्हा म्हणायला मिळालं,
वर्गभर, दहा वेळा.

दोन बरण्या, धुण्याचा सोडा,
मध्ये सुताची दोरी.
सुताची आमच्याकडे कमी नव्हती,
प्रत्येकाच्या शर्टाला चिकटलेलं असायचं.
आठ दिवसांनी दोरीच्या पोटाला
तांदळाएवढा दाणा आला.
"ही गुहा," बाई म्हणाल्या.
मग खिडकीबाहेर बघत,
"खरी मीही पाहिली नाही रे."

आता मी पाण्याच्या खात्यात चावीवाला.
पाचव्या दिवशी रात्री दोनला
साखर पेठेचं पाणी सोडतो,
खांद्याएवढी चावी, एकवीस फेरे.
माझ्यामुळे बायका उठतात, घागरी वाजतात,
मला कुणी चेहऱ्याने ओळखत नाही.

टाकीखाली अकरा पायऱ्या.
परवा व्हॉल्व्ह अडला म्हणून
बॅटरी वर मारली
आणि स्लॅबला लोंबत होत्या
पांढऱ्या नळ्या, काडीसारख्या,
आतून पोकळ,
प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब
पडू की नको करत.

चाळीसेक मोजल्या. मग मोजणं सोडलं.

ज्युनिअर इंजिनिअर आले, वर बघून म्हणाले,
"गळती. कंत्राटदाराने चुना लावला गावाला."
खरंच लावला होता, साहेब,
आणि तो आता परत येत होता.
सोमवारी हातोडी, मग वॉटरप्रूफिंग.

रविवारी बाईंना रिक्षात घातलं.
एक्क्याऐंशी वर्षं, गुडघे गेलेले,
डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध.
अकरा पायऱ्यांना अर्धा तास.
प्रत्येक पायरीवर थांबून विचारायच्या,
"वास कशाचा रे, इरेश?"
"ओल्या सिमेंटचा, बाई."
"गप. तू भूगोलात नापास होतास."

बॅटरी धरली.
त्यांना दिसलं असेल किती, कोण जाणे.
मान वर करून उभ्या राहिल्या, तोंड उघडं,
पदर खांद्यावरून घसरलेला.
वरून पाण्याचा आवाज, पोटात यावा तसा.

"किती दिवसांच्या?"
"टाकी बांधून बावीस वर्षं झाली, बाई."
"लवकर वाढल्या," त्या पुटपुटल्या,
"डोंगराला बोटभर व्हायला
कितीतरी पिढ्या लागतात. त्याला कसली घाई?
घाई आहे ती आपल्या कॉर्पोरेशनला."

मी त्यांचा हात धरून वर न्यायला लागलो,
म्हटलं, लावा बोट, बाई, उद्या नसणार आहेत.
त्यांनी हात झटकन मागे घेतला.
"हाताचं तेल लागलं की वाढ थांबते.
शिकवलं नव्हतं का मी?"

शिकवलं होतं. मी विसरलो होतो.
उद्याच्या हातोडीचं त्यांना सांगूनही
त्या आजची वाढ सांभाळत होत्या.

मग सगळ्यात लांब नळीखाली
तळहात पसरला, आणि थांबल्या.
मी घड्याळ बघितलं, मग बघायचं बंद केलं.
व्हॉल्व्हवरची झुरळं परत बाहेर आली.
बॅटरी पिवळी होत गेली.

पडला.

काहीच बोलल्या नाहीत.
मूठ मिटली.

परतीच्या रिक्षात अशोक चौकापर्यंत
तशीच मिटलेली, मांडीवर.
मी पैसे काढायच्या आत
पदराची गाठ दातांनी सोडून
भाडं त्यांनी डाव्या हाताने दिलं.