खांड

पणजीत निबंधक कचेरीच्या व्हरांड्यात
बत्तीस वर्षं माझं टंकयंत्र.
क, र, काना, र.
हा शब्द बोटांना पाठ, बघावं लागत नाही.

शुक्रवारी आनाक्लेत आला,
पोटरीपर्यंत वाळलेला चिखल.
आमच्याच चोडणचा, मानशीवरचा राखणा.
भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडायचं.
त्याच्या भरवशावर आम्ही खाजनात कोरगुट पेरायचो
आणि रात्री झोपायचो.
रविवारी तोच इगर्जीत पोरांना दोतोर्न शिकवी.

म्हणाला, एक कागद कर.
खरेदी, भाडं, की वाटणी?
मोडलेला करार.
मोडल्याचा कागद नसतो, म्हटलं, दावा असतो.
मग दावा कर. माझ्यावर.
पक्ष क्रमांक एक?
देव.

राहणार? माझ्या तोंडून सवयीनं गेलं.
तो विचारात पडला, खरोखरच.
पूर्वी बांधावरच्या खुरसाकडे असायचा.
आता ठाऊक नाही.
जागा कोरी सोड.

मग तो सांगत गेला, मी टंकत गेलो:
की मानस लिलावात घेतलेल्या ठेकेदारानं
दर पुनवेला पाचशे दिले,
रात्रभर दार उघडं ठेव, शेवटो आत येईल;
की त्यानं ते घेतले, अकरा पुनवा;
की पहिल्या रात्री भीती वाटली, दुसऱ्या रात्री कमी;
की सहाव्या रात्री झोप लागली.
हे शेवटचं दोनदा लिही, म्हणाला.

बाराव्या पुनवेआधीच बांधाला खांड पडली.
ते मी न सांगता टंकलं.

आमच्या पुस्तकात, तो म्हणाला, आणि यहुद्यांच्याही,
करार कापतात.
वासराचे दोन तुकडे समोरासमोर ठेवायचे
आणि मधून चालायचं.
शब्द मोडला तर माझंही हेच होवो.
यिर्मयाच्या काळी शहरातले मोठे लोक असे चालले,
गुलाम सोडले,
आणि मागाहून धरून परत आणले.
अब्राहामाला मात्र चालावंच लागलं नाही.
तो गाढ झोपला होता.
अंधारात एक धुमसती शेगडी
तेवढी मधून गेली.

म्हणजे देव एकटाच चालला?
एकटाच. मोडला तर मला चिरा, असं तोच म्हणाला.
आणि मी, पाचशे रुपयांना.

जरा वेळानं म्हणाला, मिठाचाही करार आहे.
मी म्हटलं, आमच्यातही म्हणतात,
खाल्ल्या मिठाला जागावं.
तो हसला, वाईट हसला.
जागायचंच तर होतं, बाबा.
एवढंच काम होतं माझं.

साक्षीदार दोन लागतात.
मोशेनं आकाश आणि पृथ्वी धरली होती, म्हणाला,
आणि पोटरीवरचा चिखल थुंकीनं ओला करून
कागदाच्या खाली बोट दाबलं.
आकाशाचा रकाना तसाच राहिला.

हा नोंदवून घेणार नाहीत, मी सांगितलं.
त्यानं साठ रुपये मोजून ठेवले. परत घेईना.

संध्याकाळी रायबंदरहून फेरीनं उतरलो
तो घरी न जाता बांधाकडे.
ओहोटी होती.
बांधाचे दोन तुकडे समोरासमोर,
आतली लाल माती उघडी,
मधून पाणी समुद्राकडे निघालेलं, कुर्ल्या,
आणि गुडघाभर चिखलात आनाक्लेत,
डोक्यावर मातीची पाटी,
एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे.
भरती येईल ती ही माती नेईल.
त्यालाही माहीत आहे.

पलीकडे माझं शेत. मिठानं पांढरं.

त्या अकरा महिन्यांत
शेवटो फार स्वस्त होता.
बायको म्हणायची, एवढा कसा मिळतो हल्ली?
मी म्हणायचो, आमसुलं जरा जास्त टाक.

कार्बन प्रत माझ्याकडे आहे.
पक्ष क्रमांक दोन: आनाक्लेत,
आणि नावापुढे चुकून पडलेला एक स्वल्पविराम,
त्यापुढे कोरी ओळ.
खोडरबर खणात आहे.
अजून काढला नाही.