पाऊण मीटर

रूळ टाकले कुणी, ते जंक्शनातल्या दगडावर कोरलेलं आहे.
उखडले कुणी, ते मी सांगतो.
मी, आणि आणखी अकरा जण.
त्र्याहत्तरचा उन्हाळा. मुस्ताकिवीच्या टोकापासून सुरुवात.
गाडी मागे मागे सरकायची
आणि तिच्या पुढ्यातली वाट उचलून
आम्ही तिच्याच पाठीवर लादायचो.
आपला रस्ता गिळत घरी निघालेलं इंजिन
पाहिलंय तुम्ही कधी?

दोन रुळांत अंतर पाऊण मीटर.
याहून रुंद काही एस्टोनियाच्या या कोपऱ्यात
कुणी कुणाला दिलं नाही, असं प्रीडिक म्हणायचा.
जर्मन जहागीरदारानं पैसे काढले ते
त्याच्या भट्टीतलं बटाट्याचं स्पिरिट बाहेर पडावं म्हणून.
दलदल भरण्यापेक्षा वळसा स्वस्त,
म्हणून बेचाळीस किलोमीटरांत एकशे सात वळणं.
प्रीडिकनं ती सगळी पायी मोजलेली,
खांद्यावर हातोडा, रोज, तीस वर्षं.

अडतिसाव्या किलोमीटरवर खिळे लोण्यातून निघावे तसे निघाले.
वाळूची जमीन, पाइनचं रान.
इथे साल्मे पहिल्या डब्यातून उतरायची,
ओंजळभर ब्लूबेरी तोडायची
आणि शेवटच्या डब्यात चढायची.
असा विनोद प्रत्येक छोट्या लाइनीबद्दल सांगतात, ठाऊक आहे मला.
पण साल्मेची जीभ मी पाहिली आहे.

सव्विसाव्यावर स्लीपरना आंबूस वास.
चाळीस वर्षं पहाटे पाचला
डेअरीचे कॅन हिंदकळत चढले होते तिथे.
एकविसाव्यावर प्रत्येक स्लीपर कंबरेत मोडलेला,
वरून लोखंडी पट्टी.
माघार घेणाऱ्या फौजेनं रुळांमधून नांगर ओढला होता;
कुणाची फौज, ते प्रीडिक सांगत नसे.
एवढंच म्हणे, मी फक्त सांधलं.

बस सुरू झाली तेव्हा ती पाऊण तास आधी पोचू लागली.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अकराव्या किलोमीटरवर, वळणाच्या आतल्या बाजूला,
गिट्टीत किल्ली सापडली.
वीतभर लांब, जड, घराची.

एकोणपन्नासच्या मार्चात मी नऊ वर्षांचा होतो.
त्या सकाळी गाडीला नेहमीचेच डबे होते,
नेहमीचीच शेगडी, लाकडाची तीच बाकं.
फक्त दारांशी शिपाई.
जंक्शनात मोठ्या मापाचे, जनावरांचे डबे
पूर्वेकडे तोंड करून उभे.
आमच्या शाळेतली पाच मुलं त्या गाडीत होती.
हेल्दुर चालवत होता. प्रत्येक फाटकाला शिट्टी द्यायचा नियम;
नऊ फाटकं गेली, त्यानं दिली नाही.
वळणावर मात्र गाडी हळू करावीच लागते.
तेवढ्यात कुणीतरी
खिडकीतून हात बाहेर काढला असेल.

दार त्यांनी लावून घेतलं होतं, म्हणजे.

मुकादम म्हणाला, लोखंड ते लोखंड, टाक.
मी टाकली.
टनाच्या काट्यावर किल्लीनं आकडा हलत नाही.
मी बघत होतो, म्हणून सांगतो.

सप्टेंबरात जंक्शनाला पोचलो.
शेवटचा रूळ उचलल्यावर इंजिनाला उभं राहायला जागा उरली नाही;
क्रेननं उचलून त्याला ट्रकवर ठेवलं,
पायात काही नसलेल्या म्हाताऱ्यासारखं.

मी एकच वस्तू आणली: प्रीडिकची मापकाठी.
दोन टोकं, मध्ये पाऊण मीटर, पितळ झिजलेलं.
बागेत काळ्या करंटची झुडपं लावतो
तेव्हा दोन ओळींत तीच आडवी धरतो.
बायको म्हणते, फार दाटी होते रे, वारा खेळत नाही.
खरं आहे तिचं.
फळंही कमीच येतात.

एकवीस ओळी झाल्या.
मधे गवत वाढू देत नाही.