पुढचा

जिंतूर नाक्यावर, पत्र्याच्या सावलीत
खाजामियाँ नवा पट्टा आधी हुंगायचा.
"हे चपलेचं रबर हाय," म्हणत परत पाठवायचा.
खोक्यावरच्या छापावर त्याचा भरवसा नव्हता.
पट्टा उलटा दुमडून
दातांच्या मुळाशी केसाएवढी भेग शोधायचा
नखानं.

बसवला की अंगठ्यानं दाबून बघायचा.
"लई ताणला तर बेअरिंग खातो,
ढिला ठिवला तर रडतो.
पट्टा पैले बोलतो, मंग तुटतो.
तुम्ही गाणे लावून बसता."

जुना पट्टा फेकू द्यायचा नाही.
आईनं एकाची चुंबळ केली,
हंड्याखाली दोन उन्हाळे टिकली.

यंदा मे महिन्यात, सेलूच्या रस्त्यावर,
एसी लावला की बारीक चिरका आवाज.
गाणं बंद केलं. बॉनेट उघडलं.
टायमिंगच्या झाकणावर, तेलकट धुळीखाली,
पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याचंच वळण:
पुढचा १,४२,०००.
मीटरवर चाळीस कमी.

त्याच्या पत्र्याखाली आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
पुढच्या चौकातल्या दुकानात
पोरानं खोकं पुढं सरकवलं: "एक नंबर माल, काका."

मी पट्टा बाहेर काढला
आणि नाकाशी नेला.
पोरगं हसायलाच लागलं.