पाचशे बारा ग्रॅम

कादरभाईच्या काट्यावर आमचं लग्न ठेवलं
तर भरलं पाचशे बारा ग्रॅम.
"अर्ध्या किलोच्या वर गेलं, ताई.
बारा ग्रामसाठी पुढचा रेट लागतो. अकराशे ज्यादा."

उदगीर बसस्टँडच्या समोर, झेरॉक्सच्या शेजारी,
जिथं लोक रिचार्ज मारतात, रेल्वेचं तिकीट काढतात,
तिथून मी कॅनडाला पुरावा धाडायला आले होते
की मन्मथ बिडवे हा माझा नवरा आहे,
कागदापुरता नाही.

एक्केचाळीस दिवस सोबत होतो.
मग तो रेजायनाला गेला, ट्रेलर चालवायला.

लग्नाच्या दाखल्यावर मी संगमेश्वरी हलकुडे,
आधारवर संगमेश्वरी बिडवे,
दहावीच्या सनदेवर नुसती संगमा,
आणि ह्या तिघी एकच बाई आहेत असं
नोटरीपुढं शपथेवर सांगणारी चौथी.
वीस फोटो. अक्षता, हत्तीबेट, देगलूरला नणंदेच्या घरी.
एक लाईट गेल्यावरचा, टॉर्चच्या उजेडात
त्याचा अर्धाच चेहरा.
एजंट म्हणाला, हा ठेवाच,
असले फोटो कुणी खोटे काढत नसतं.

आणि चॅट.
त्याचं इंग्रजी लातूरच्या देवणीकर सरांनी केलं, पानाला दोनशे.
"जेवलीस का, जेवलीस का, जेवलीस का,"
सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"एकदाच करतो की, पुढं 'वरीलप्रमाणे' लिहितो."
नको सर, म्हटलं, दर वेळेला ते वेगळं असायचं.
मग त्यांनी मुकाट्यानं सगळे केले.
अडले फक्त 'करमत नाही'पाशी.
पेन्सिलनं रेघ मारून ठेवली,
दोन दिवसांनी फोन: "बाई, त्याला तिकडं शब्दच नाही.
तीन ओळींत बसवलंय. चालंल ना?"

"काय काढता?" कादरभाई विचारतो.
मागं बँकेचा माणूस घड्याळ बघायलाय.

फोटो निघत नाही. शपथ निघत नाही.
भांडणं ठेवायची, एजंटचा हुकूम, भांडणानं खरं वाटतं.
सासूबाईंच्या ऑपरेशनची पानं ठेवायची,
पैसे पाठवल्याची तर आधी.
उरतात चौदा, पंधरा, सोळा:
मिस्ड कॉल. मिस्ड कॉल. मिस्ड कॉल.
जानेवारीतली एक रात्र, तेवीस वेळा.
तिकडं बर्फात त्याची गाडी अडकलेली,
इकडं मी उशाशी फोन उजळताना
बघत पडले होते, जागीच.
राग कशाचा होता ते आता आठवतही नाही.
पहाटे त्याचा एकच मेसेज,
तोच, नेहमीचा.

तीन पानं काढली. चारशे सत्त्याण्णव.
पानांचे आकडे आता तेरावरून थेट सतरावर जातात.
तिथल्या साहेबानं विचारलं मधलं कुठाय,
तर काय सांगायचं ते बघू.

"किंमत काय टाकू?"
मी बघतच राहते.
"कागदच हायेत ना, शून्य टाकतो.
हरवलं तर काय मिळत नाय मग, सांगून ठेवतो."
"टाका."
टेप चर्रकन ओढून तो दातानं तोडतो.

घरी सासूबाई शेंगा निवडायल्यात. पोचलं का?
मोबाईलवर नंबर टाकून बघते. लातूर.
"लातूरला तर मीबी जाऊन आलेय," त्या म्हणतात,
आणि एक किडकी शेंग बाजूला टाकतात.

नऊ वाजता फोन उजळतो.
त्याच्या हातात सकाळचा चहा,
माझ्या हाताला पीठ.
"कुठवर आलीस?"
"लातूर," मी म्हणते.
"थांब, भाकरी करपायलीय."