पखालीला औषध

व्हाइटहेवनच्या डेपोत सकाळी सहाला
मिनीबस डाव्या मागच्या चाकावर कललेली.
कुणी ठोकलं नव्हतं. उभ्या उभ्याच, रात्रीतून
तिने बसकण मारली होती.

किल्ली फिरवली. मागे कॉम्प्रेसर सुरू झाला,
घर्र, घर्र, मग खोल घुरघुर,
चार जिने चढून आलेल्या माणसाची.
पाच मिनिटं. सात.
समोर पिवळा दिवा,
आणि बस दोन बोटंसुद्धा वर उचलली नाही.

ही बस गुडघे टेकते, हे सांगायला हवं.
बटण दाबलं की मागच्या पिशव्यांतली हवा सुटते,
बस फुटपाथशी वाकते
आणि चाकाची खुर्ची अलगद आत येते.
मिसेस टायसन तेव्हा दारावर थोपटते,
"गुड लास" म्हणते बसला.
मला ती चार वर्षांत काही म्हणालेली नाही.

केरी स्टील आली, एका हातात चहा, एका हातात टॉर्च.
केरी मला गॅझ म्हणते.
गजाननचा गॅझ व्हायला इथे एक आठवडा पुरला.
गाज म्हणाली असती तर निदान
समोरच्या समुद्राला तरी शोभलं असतं.
तिने स्टँड लावले, दोनदा हलवून पाहिले.
नुसत्या जॅकच्या भरवशावर ती कुणाला खाली जाऊ देत नाही;
तिच्या काकाच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत.
तीन बोल्ट. दोन खाऱ्या वाऱ्याने गंजून एकजीव,
तिसरा इतका सहज निघाला
की आम्ही दोघांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

आत पिस्टनची रिंग झिजून कागद झालेली.
ड्रायरमधले साबुदाण्यासारखे दाणे,
त्यांचं पीठ.
"म्हातारा झालाय," केरी म्हणाली.
चारशे दहा पौंड.
म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये केकविक्रीचे तीन शनिवार.
मी जुन्याला दोन शिव्या दिल्या, मराठीत,
आणि नवा बसवू लागलो.

सहा आठवड्यांनी नवाही घुरघुरायला लागला.

आमच्याकडे म्हणतात,
दुखणं रेड्याला, औषध पखालीला.
केरीला सांगायचं तर आधी रेडा सांगावा लागला,
मग पखाल: चामड्याची, पाण्याने तट्ट फुगलेली,
त्याच्या पाठीवरून दोन्हीकडे लोंबणारी.
ती ऐकत राहिली. मग पाना खाली ठेवून म्हणाली,
"आणि पखालच गळत असली तर?"

शटर ओढलं, वारा बाहेर ठेवला.
भांडी घासायचा साबण, पाणी, फवाऱ्याची बाटली.
बस वर उचलली, पार वर,
रोजच्या कामात ती कधी जात नाही तितकी.
तेव्हा डाव्या पिशवीची घडी उलगडली
आणि घडीच्या आत, एरवी मिटलेल्या जागी,
एक बुडबुडा आला.
फुगला. फुटला. पुन्हा आला.
राईएवढा.

म्हणजे रात्रंदिवस तिथून जात होतं
आणि रेडा बिचारा भरत होता.
एक त्यातच गेला, दुसरा जायच्या बेतात,
आणि आम्ही आपले रेडे बदलत होतो.

पिशवी अर्ध्या तासात बदलून झाली.
आता सकाळी कॉम्प्रेसर अकरा सेकंद बोलतो,
मग गप्प. मी मोजतो.
जुना मी भंगारात जाऊ दिला नाही.
घरी शेडमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलाय.
एका रविवारी पुसलासुद्धा.
दिलेल्या शिव्या परत घेता येत नाहीत.

"हे कशाला आणलंस घरात?" शैलाने विचारलं.
केअर होममधून ती सकाळी आली होती,
रात्रपाळीला दोघी न आल्याने तिघींचं काम उरकून,
बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसलेली.
मला उत्तर सुचलं नाही.
चहा ठेवला.
साखर किती, ते तिला विचारावं लागलं.